आधी तुम्ही घ्या

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्याला सगळे उस्ताद म्हणत. घरी सासूबाई जावईबापू म्हणत, बायको अहो म्हणे. आचारी म्हणून त्याचा हात असा, की त्याच कारखान्यात फोरमन असलेल्या सासऱ्यांनी मुलगी दिली ती मुळी त्याच्या रश्श्यावर भाळून. मुलाला घर नाही, आईवडील नाहीत, हे कळल्यावर ते म्हणाले, "मग आमच्याकडेच राहा. रविवारी तेवढा रस्सा कर." सौदा दोन्हीकडून पसंत पडला.

त्याची एक खोड होती. स्वतः रांधलेलं तो जेवत नसे. यात नवल काही नाही. सकाळपासून वाफेत तोंड घालून उभ्या असलेल्या माणसाचं पोट वासानेच भरतं. मीठसुद्धा तो चाखून नाही, मुठीच्या अंदाजाने घाली. सगळ्यांना पोटभर वाढायचं आणि मग ओट्याला टेकून चहा-पाव खायचा, हा त्याचा शिरस्ता. सासरे चिडवायचे, "आमच्यावर प्रयोग करतो आणि स्वतः पाव खातो लेकाचा." सगळे हसायचे.

एका रविवारी तोच रस्सा जेवून सासरे गेले. दुपारी पोटात कळ आली, संध्याकाळी दवाखान्यात प्राण सोडला. सासूबाई आणि बायको उलट्या करकरून कशाबशा वाचल्या. लेक चिंगी तेव्हा पाळण्यात, बाटलीच्या दुधावर. घरात धडधाकट उभा कोण, तर ज्याने रांधलं तो.

त्याने काही केलं नव्हतं, हे इथेच सांगून टाकतो. ज्यांना खुनी शोधायची हौस आहे त्यांनी दुसरीकडे जावं. तपासणीत रश्श्यात विष निघालं एवढं खरं. मसाल्यातून आलं, तेलातून आलं की दुकानातल्या कुठल्या पोत्यातून, ते शेवटपर्यंत कुणाला सांगता आलं नाही. हाती लागली ती फक्त त्याची खोड.

"स्वतःच्या हातचं जेवत नाहीस?" फौजदाराने विचारलं.

"भूक नसते, साहेब."

"रोज नसते, की त्याच दिवशी नव्हती?"

"रोजच नसते."

"म्हणजे आधीपासून सवय लावून ठेवली होतीस."

यावर माणसाने काय बोलावं? तो गप्प बसला, आणि तो गप्प बसला हेही लिहून घेतलं. पुरावा नव्हता म्हणून सोडलं, पण मोकळं काही सोडलं नाही. न सांगता गावाबाहेर जायचं नाही, बोलावलं की यायचं.

कॅन्टीनमध्ये काही दिवस त्याला बटाटे सोलायला बसवलं. बदली आचाऱ्याने जे काही शिजवलं ते खाऊन कामगारच मॅनेजरकडे गेले, की उस्तादला परत भट्टीवर आणा. जिवाची भीती आणि जिभेची चव यांची कुस्ती झाली आणि चव जिंकली. "वाढ उस्ताद, मेलो तर सुट्टी तरी मिळेल," म्हणत शेकडो माणसं त्याच्या हातचं चापून जेवू लागली.

घरी मात्र गाडी अडली. तो म्हणाला, मी आता घरात स्वयंपाक करणार नाही. सासूबाईंनी वाकडा शब्द काढला नाही. एवढंच म्हणाल्या, "का नाही करणार? लोक विचारतील." करावा तर सगळ्यांच्या डोळ्यांत धाक, न करावा तर गुन्हा कबूल केल्यासारखं. त्याने केला. ताटं वाढली, सगळे बसले आणि कुणीच हात घालेना. मग सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, आधी तुम्ही घ्या."

लग्न ठरल्यावर तो पहिल्यांदा इथे जेवायला आला तेव्हाही त्या असंच म्हणाल्या होत्या. तेव्हा तो मान होता. आता दोघी मायलेकी त्याच्या घशाकडे बघत बसल्या. त्याने घास गिळला. थोडा वेळ गेला. मग त्यांनी भात कालवला. तेव्हापासून रोज हेच. स्वतःच्या हातचं ज्याला जात नव्हतं तो आता दोन्ही वेळ जेवून अंगाने सुटला, आणि कॅन्टीनमधले म्हणू लागले, सासुरवाडी मानवली बुवा उस्तादला.

एकदा शेजारीण दारात उभी राहून बायकोला म्हणाली, त्याला ऐकू जाईल अशा बेताने, "करणाऱ्याला ठाऊक असतं, कुठल्या बाजूचा घास घ्यायचा ते." तो आत भांडी विसळत होता. त्याने नळ बंद केला आणि बायको काय म्हणते ते ऐकायला कान टवकारले. बायको म्हणाली, "दूधवाला आज येऊन गेला का हो?"

तो आत आलेल्या बायकोला म्हणाला, "आपण वेगळं राहू या."

"आता बाहेर पडलो तर लोक म्हणतील, काम साधलं आणि गेला. आणि आई एकटी कशी राहील?"

"लोकांचं सोड. तुला काय वाटतं?"

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "मला काही वाटत नाही," ती म्हणाली, आणि घड्या घालत राहिली. तिलाच ठाऊक नव्हतं, बिचारीला. ती त्याच्या शेजारी झोपायची, त्याच्या आजारपणात जागायची, आणि बाप मात्र तिचा गेला होता. याचा राग तरी कसा करावा? त्याला राग येत नसे, नुसता जीव घुसमटायचा.

चिंगीचं जेवण आजी वेगळ्या शेगडीवर करी. पोरीला तिखट सोसत नाही म्हणे. पोर चांगली पळू लागली, बडबडू लागली, तरी सोसेना. ती बाबाच्या ताटाकडे धावली की आजी अलगद उचलून घेई. त्याची आता एकच इच्छा उरली होती. फौजदार गेला खड्ड्यात, शेजारीणही गेली. एकदा पोरीच्या पोटात आपल्या हातचं जावं, बस.

मग सासूबाई डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी बहिणीकडे गेल्या. त्या रविवारी तो सकाळीच बाजारात जाऊन कोवळे मटार घेऊन आला, एकेक दाणा निवडला, मऊ भात केला, मिरची दाखवलीसुद्धा नाही. बायको बघत होती. नको म्हणाली नाही. चिंगीचं छोटं ताट त्याने स्वतः वाढलं. मग सवयीने स्वतःच्या ताटात हात घातला.

"थांबा," बायको म्हणाली, "आज आधी मी घेते."

त्याचा हात तसाच राहिला. किती दिवस हे ऐकायला तो आसुसला होता. त्याला वाटलं, संपलं, सुटलो. डोळ्यांत पाणी आलं म्हणून त्याने मान खाली घातली, आणि तेव्हा त्याला दिसलं. बायकोने घास घेतला होता तो चिंगीच्या ताटातला. आणि डाव्या हाताने पोरीचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

"मला," चिंगी हात सोडवत म्हणाली. "आई, मला."

बायकोने घास गिळला. ती त्याच्याकडे बघेना. "जरा थांब हं," ती म्हणाली. "गरम आहे."

भात केव्हाच गार झाला होता. तो आचारी होता, त्याला हात लावून बघायची गरज नव्हती. चिंगी आता रडकुंडीला येऊन बापाकडे बघू लागली. त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"थांब बाळा," तो म्हणाला. "आई म्हणते ते खरं. फार गरम आहे."