केशरी रताळं
रताळी उकडल्याचा वास आला की मला आमच्या परळच्या खोलीतली ती एकादशी आठवते. शेतीखात्यातल्या काकांनी नव्या जातीची रताळी आणली होती. यात व्हिटॅमिन वाढवलंय, पोरांच्या डोळ्यांना चांगलं, म्हणाले. आईनं एक कापलं, तर आत गाजरासारखं केशरी. "इंजेक्शन मारलंय," म्हणत तिनं फोड पांढऱ्या रुमालावर घासली. रुमाल पांढराच राहिला. "पक्का रंग आहे!" मग उकडलेल्या फोडींची बशी माझ्या हातात देत म्हणाली, "आधी तुझ्या बाबांना दे. त्यांना उपास नाही." बाबांनी बशी संपवून आणखी मागितलं. आईचे डोळे बारीक झाले. "बघ, चटक लागायचंही काहीतरी घातलंय." काल भायखळ्याच्या बाजारात भाजीवाल्यानं तसंच रताळं माझ्यासमोर कापून धरलं, आणि माझा हात आपोआप रुमालाकडे गेला.