अक्कांच्या हातून हार्ड डिस्क पडली नव्हती

सुमनअक्कांवर मी खोटा आळ घेतला. गेल्या वर्षी, होळीच्या आधीच्या सोमवारी, दुपारी बाराच्या सुमारास, साक्रीच्या आमच्या संघटनेच्या कार्यालयात, अकरा माणसांसमोर. आज सकाळपर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं — फैजपूरला घरी नाही, संघटनेत तर नाहीच.

माझी पत्रकं तुम्ही वाचली असतील. ‘साहेब, नोंद हरवली की हरवून टाकली?’ — ते वाक्य माझं. कुठल्या साहेबाला मी कधी सोडलं नाही. मग स्वतःला वर्षभर कसं सोडलं?

अक्का डोंगराकडच्या गावातल्या. पंचेचाळिशीत माऊस धरायला शिकल्या. वनजमिनीच्या दाव्यांचे कागद — दंडाच्या जुन्या पावत्या, म्हाताऱ्यांचे जबाब — दोन वर्षं बसून त्यांनी एकेक स्कॅन केले. दर शनिवारी सगळ्याची नक्कल बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यायच्या, आणि ती धुतलेल्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवायच्या.

त्याच्या आदल्या आठवड्यात कार्यालयातला कॉम्प्युटर बसला. आत नवी डिस्क टाकली. आता बॅकअपवरून सगळं परत आणायचं होतं. गुरुवारी दाव्यांची सुनावणी, म्हणून गावची माणसं येऊन बसलेली. मी हार्ड डिस्क जोडली. दिवा लागला, आत घरघर सुरू झाली. पडद्यावर मात्र — बॅकअपची डिस्क सापडली नाही. पुढून काढून मागे लावली. लॅपटॉपला लावली. तीनदा बंद-चालू केलं. यादीत तिचं नावच येईना.

मागून एक म्हातारबा म्हणाले, “काय भाऊ, आते तू बी साहेबसारखा सांगशी का, सापडत नही म्हणून?”

सगळे हसले. साधी थट्टा होती. पण माझ्यावर हसलेलं मला — काय सांगू — सोसलं नाही. मी अक्कांकडे वळलो. “आपटलेली दिसतेय ही. अक्का, कधी पाडलीत?”

पाहिलं होतं का मी? शंका तरी होती का? नाही. त्या समोर होत्या, एवढंच.

“मन्हा हातथून पडनी नही, भाऊ,” अक्का म्हणाल्या. एकदाच. आणि फडक्याची घडी घालत राहिल्या.

बुधवारी मी डिस्क धुळ्याला दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्यानं ती उघडलीच नाही. वायर पाहिली. “दादा, ही तर चार्जरची वायर. हिच्यातून फक्त वीज जाते. म्हणून दिवा लागतो, पण कॉम्प्युटरला डिस्क दिसत नाही. हिची रुंद तोंडाची वायर कुठंय?”

कुठं होती? माझ्या खोलीत. मोर्चाचे व्हिडिओ उतरवायला मीच नेली होती. गेलेली कुणाला कळू नये म्हणून डिस्कच्या रुंद खाचेत अर्धीच बसणारी ही चार्जरची वायर मीच खोचून ठेवली होती, आणि सोमवारी ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. त्यानं दुसरी लावली, आणि डिस्क लगेच दिसली.

गुरुवारी सगळे कागद सुनावणीत मांडले. बाहेर आल्यावर लोक म्हणाले, अक्कानी पाडं, भाऊनी वाचाडं. कुणी टाळी वाजवली. मी हात जोडले — हो, हात जोडले. संघटनेचं नाव जाईल म्हणून गप्प बसलो, असं स्वतःला सांगत आलो. खोटं. जाणार होतं ते माझं नाव.

अक्का होळीनंतर कार्यालयात आल्या नाहीत. पुढे एकदा आठवडी बाजारात दिसल्या. अंडीवाला म्हणाला, “अक्का, सांभायजो. कॉम्प्युटर नही हाई, अंडा शेतस.” आजूबाजूचे खदाखदा हसले. अक्कांनी अंडी पिशवीत ठेवली, वर पाहिलं नाही. मी दोन दुकानं सोडून उभा होतो. मोर्चात माझा आवाज माइकशिवाय पोचतो. त्या दिवशी तोंड उघडलं नाही.

आज सकाळी अक्कांच्या दारात बसून त्यांना सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, “बठ्ठासमोर बोलना व्हता ना? मंग बठ्ठासमोरच सांग.”

म्हणून सगळ्यांसमोर हे पत्रक. माझ्यासाठी यात काही मागत नाही. पण बाजारात, एसटीत, सभेत कुणी अक्कांना पुन्हा असं बोललं, तर तिथंच अडवा. वायर मी बदलली होती. माझं नाव घ्या आणि मोठ्यानं सांगा.