अगाऊ आत्मपरीक्षण

सांगतो, पण हसायचं ते शेवटी हसा. आणि एवढा मोठा पराक्रम माझ्या हातून कसा झाला, हे मात्र विचारू नका.

मी मूळचा नाशिकचा, नोकरी कुंभकोणम्‌च्या एका संस्थेत. आजूबाजूच्या गावांत बायकांचे शिवणवर्ग चालवणं हे आमचं काम. त्यात एका शिबिरातून मला साक्षात्कार झाला की आपल्या लोकांना चिंतनाची सवयच नाही. झालं! प्रत्येक शिक्षिकेला वही दिली. रोज संध्याकाळी लिहायचं: आज काय चुकलं, त्यातून काय शिकले. शिक्षिका बिचाऱ्या दिवसभर बसनं हिंडून यायच्या आणि माझ्यासमोर बसून चुका आठवायच्या. एकीनं लिहिलं, ‘आज काही चुकलं नाही.’ तिला मी अर्धा तास अहंकारावर व्याख्यान दिलं.

माझी वही? कोरी. अहो, शिकवणाऱ्याला शिकायला वेळ कुठून मिळणार?

मग कळलं की चेन्नैहून संचालिका येणार. सवय रुजली असेल तर ती सगळ्या केंद्रांत न्यायची आणि त्यासाठी प्रशिक्षणप्रमुख नेमायचा. प्रमुख कोण, ते मी ठरवूनच टाकलं होतं. फोन करून आईला नाशकात पेढेसुद्धा वाटायला लावले.

आदल्या दुपारी कॉफीच्या दुकानात बसलो आणि दोन पेनं आलटून पालटून वापरत महिन्याभराचं चिंतन उरकलं. चुकाही निवडक हं! ‘मी स्वतःकडे फार दुर्लक्ष करतो.’ ‘माझा संयम इतरांना जड जातो.’ हात असा चालला होता की दुसऱ्या दिवशीचंही लिहून टाकलं. म्हटलं, उद्या धावपळीत कुठे लिहीत बसता? आणि लिहिलं मराठीत. इथे मराठी कोण वाचणार? मॅडमना आपणच वाचून, इंग्रजीत समजावून सांगू, आवाज जरा कापरा करून.

आमच्या सगळ्यांत जुन्या शिक्षिका रुक्माबाई. घराणं मराठी, पण तंजावरच्या राजांच्या काळात इकडे आलेलं. घरात त्यांची ती जुनी मराठी बोलतात, लिहितात मात्र तमिळ अक्षरांत, असं मी धरून चाललो होतो. गोविंदपुरम्‌च्या विठ्ठलमंदिरात त्या दर एकादशीला देवनागरी पुस्तकातून अभंग वाचतात, हे मला ठाऊकच नव्हतं; कधी विचारायचं सुचलंच नाही. मी महिनाभर सगळ्यांना दुसऱ्याचं ऐकण्याचं महत्त्व सांगण्यात गुंतलो होतो ना!

बैठकीत मॅडमनी माझी वही उचलली. मी घसा खाकरेपर्यंत ती रुक्माबाईंच्या हातात गेलीही. त्या एकेक वाक्य सावकाश वाचायच्या आणि तमिळमध्ये सांगायच्या. ‘संयम जड जातो’ला शिक्षिकांनी पदर तोंडाला लावले. मॅडम मात्र गंभीरपणे टिपून घेत होत्या. मला वाटलं, जमलं.

शेवटच्या पानावर बाई थांबल्या. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सकाळचे साडेअकरा.

“हें आज सायंकाळचें आहे,” त्या मला मराठीत म्हणाल्या. “वाचूं काय?”

खोलीत हे आम्हा दोघांनाच कळत होतं. मी पुटपुटलो, “नको बाई. वही संपली म्हणा.”

“खोटें कसें सांगूं? तुम्हींच रोज खरें लिहावयास सांगितलें.”

आणि त्यांनी वाचलं: ‘आज मॅडमनी सर्वांसमोर मला प्रमुख नेमलं. टाळ्या थांबेनात. तरी मी नम्र राहिलो.’

तमिळ भाषांतर संपलं आणि टाळ्या खरोखरच थांबेनात. मॅडमनी हसून हसून आलेलं डोळ्यांतलं पाणी पुसत एवढंच विचारलं, की यातली एखादी तरी चूक खरी आहे का? मी नाही म्हटलं. महिन्याभरातलं माझं पहिलं प्रामाणिक चिंतन ते! मान वर करवत नव्हती, आईला काय सांगू तेही सुचत नव्हतं.

प्रमुख रुक्माबाई झाल्या. आता प्रत्येक केंद्रात पहिल्या दिवशी त्या मला उभं करतात आणि मी ते पान वाचून दाखवतो. परवा स्वामीमलैला त्यांनी मला मध्येच थांबवलं.

“थोडें लाजून वाचा,” त्या म्हणाल्या. “अलीकडे फार अभिमानानें वाचतां.”