अप्पांचं रविवारचं जेवण

बेंगळुरात कुठे जेवावं, असं मला अजून कुणी ना कुणी विचारतं आणि मी दोन-चार डोसेवाले सांगून मोकळा होतो. मिलिटरी हॉटेल, म्हणजे तिकडची मटणाची खाणावळ, मात्र तोंडातून निघत नाही. तिथल्या मटणाच्या वासानेही आपल्या मागे कुणीतरी उपाशी उभं आहे असं वाटतं, आणि मी चक्क घाबरतो.

नव्वदच्या सुमाराला अप्पा, म्हणजे माझे वडील, दर रविवारी मला बनशंकरीच्या देवळात न्यायचे. आमचं घर पिढ्यान् पिढ्या कन्नड मुलखात राहूनही सोवळ्याला चिकटून असलेलं. देवीला हात जोडले की आम्ही थेट मिलिटरी हॉटेलात. केळीच्या पानावर मुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचा वाफाळता गोळा, आणि मटणाचा झणझणीत रस्सा. घरी मीठसुद्धा मागून न घेणारे अप्पा तिथे "अण्णा, स्वल्प सारू" म्हणत हक्काने रस्सा वाढून घ्यायचे. मग विडा चघळत घरी. आईला पत्ता लागता कामा नये, एवढीच अट.

मी नोकरीला लागलो त्या वर्षी अप्पा गेले. दहाव्याला श्रीरंगपट्टणला कावेरीकाठी पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना. धाकटे काका हात जोडून म्हणाले, "वहिनींना अंतर देणार नाही." कावळे ढिम्म. मला त्यांचा असा संताप आला! गुरुजी माझ्याकडे वळले. "त्यांची काही इच्छा राहिली असेल तर मोठ्याने सांगा."

मला ठाऊक होती. भाऊबंदांपुढे अप्पांची अब्रू जाईल म्हणून मी गप्प बसलो. खरं तर भीती माझ्या अब्रूची होती, कारण त्यांच्या शेजारी बसून मीही खाल्लं होतं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

घरी पोचताच आईने विचारलं, "शिवला?"

"लगेच."

ती भिंतीला टेकून खाली बसली. "लगेच? मला वाटलं, रविवारच्या मटणासाठी अडून बसतील. शर्टाला वास यायचा रे. मी कधी बोलले नाही. आज सकाळी तुला सांगणार होते, अडले तर तसा शब्द दे म्हणून. तेही जमलं नाही. बरं झालं, सुटले."

मी हो म्हणालो.