दोन डबे

पाटोद्यात मी ज्याच्याकडे स्वयंपाक करते, तो घरीच कॉम्प्युटरवर काम करतो. जेवताना ताटाकडे बघत नाही. भाकरी संपली तरी हात ताटात चाचपडत राहतो. काम अडलं की पुटपुटतो, “लागंना, लागंना.” पूर्वी हे सगळं तो आईला सांगायचा. दिवाळीआधी ती गेली. आता मला सांगतो.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर हातचं काम जाणार होतं. तो म्हणाला, “मावशी, ह्या कॉम्प्युटरात दोन डबे हायत. एकात प्रोग्राम, दुसऱ्यात सगळी माहिती. पहिल्यानं दुसऱ्याला नावानं हाक मारायची. पण सापडंना त्यो.”

मी नुसती मान हलवली. मला पटकन बोलणं जमत नाही.

दिवस मावळताना तो एकटाच हसला. “येडाच हाय मी. दुसऱ्याचं नाव द्यायचं सोडून पहिल्याला त्याच्याच घरात हुडकाय लावलं. तिथं कोण सापडणार?”

त्यानं नाव बदललं, बटण दाबलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, “आई, लागलं गं!”

भाकरी थापणारे माझे हात थांबले. मी “हो” म्हणाले, पण ते तव्यापलीकडे गेलं नसावं.