एक्केचाळीस, चार सूत, उपाशी

डिजिटल टेप घ्यावा का, असं हल्ली मला लोक विचारतात. घ्यावा. पण वाचायचा कसा ते आधी शिकून घ्यावं, नाहीतर माझ्यासारखं होतं. माझं काय झालं ते लिहितो.

मी सुतार. शाळा चौथीपर्यंत, तीही धड नाही. टेपचं एक टोक मी धरायचो आणि दुसरं माझी बायको. सुरुवातीला तिचं काम नुसतं टोक दाबून धरायचं. पुढं माझी नजर उतरली, इंचाच्या मधल्या बारीक रेघा एकमेकींत मिसळायला लागल्या, तेव्हा अदलाबदल झाली. मी टोक धरायचो आणि माप ती वाचायची.

इंचाचे आठ भाग करायचे, एकेक भाग म्हणजे एक सूत. आमच्या धंद्यात हाच हिसाब. पण लाकूड काही रेघेवर बराबर येऊन थांबत नाही. जरा अलीकडं राहतं किंवा जरा पलीकडं जातं. त्याला बायकोचे स्वतःचे शब्द होते. रेघेला पोचलं नाही तर सूत उपाशी. रेघ ओलांडली तर सूत जेवलेलं. "छत्तीस, तीन सूत, जेवलेलं," असं ती तिकडून ओरडायची आणि मी त्या अंदाजानं पेन्सिल टेकवायचो. नव्या गिऱ्हाईकाला वाटायचं, हे नवरा-बायको स्वयंपाकाचं बोलून राहिलेत.

लेक हिंगोलीकडच्या पुसेगावात दिलेली. जावई शेती करतो. त्यांनी नवं घर काढलं तेव्हा पुढच्या दाराची सागवानी चौकट आम्ही दोघांनी केली. चौकट भिंतीत उभी राहिली, हळद-कुंकू लागलं, नारळ फुटला. बायकोनं लगेच आतून टेप लावला. म्हणाली, "एक्केचाळीस, चार सूत, उपाशी."

मी म्हणालो, "राहू दे उपाशी."

"तुमचं काय जातंय? तुमी दोनदा जेवलात," ती म्हणाली. लेक हसत होती.

कवाड पुढच्या महिन्यात करू म्हणालो आणि बायको आजारी पडली. मग गेली. त्यावर जास्त लिहीत नाही, लिहून काही होत नाही. कवाड राहिलं. मी हत्याराची पेटी बंद केली ती केलीच. कुणी काम घेऊन आलं की नजर नाही म्हणायचो. ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं.

तिकडं लेकीच्या घराला दाराच्या जागी पत्रा. दिवसा भिंतीला टेकवायचा, दिवस मावळला की चौकटीला. वारा सुटला की पत्रा वाजायचा आणि कुत्रं बाजूच्या फटीतून आत यायचं. जावयानं दोन पावसाळे काढले, एका शब्दानं बोलला नाही. मग एकदा आला आणि ओट्यावर बसून चहा पिता पिता म्हणाला, "मामा, हळद काढायला आली. घरात माल येईल. हिंगोलीहून तयार कवाड आणू का? तुमाला उगं तकलीफ नको."

चांगल्या मनानं बोलला. पण मला ऐकू आलं ते एवढंच, की सासऱ्याचं काम संपलं. मी हो म्हणालो असतो तर ती पेटी पुन्हा उघडलीच नसती. लेकीच्या दारात दुसऱ्याचं कवाड, मग मी सुतार कसला?

"हळद शिजून वाळेपर्यंत थांबा," मी म्हणालो.

"बघा बरं मामा. तंवर न्हाई झालं तर मी आणतो."

"आणा तंवर न्हाई झालं तर."

आता तुम्ही म्हणाल, बायकोनं माप दिलंच होतं. पण जुन्या मापावर कवाड कापत नसतात. चौकट भिंतीत बसते, भिंत पाणी पिते, गिलावा होतो, लाकूड सरकतं. कापायच्या आधी पुन्हा मोजायचंच. आणि सुताच्या रेघा तर मला दिसत नव्हत्या.

लेक मला भेटायला आली तेव्हा तिला हे सांगितलं, तर तिनं मोबाईल काढला. "बाबा, डिजिटल टेप येतो. आकडे मोठाले दिसतात. लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचून दाखवते."

"वाच."

"पाच तारे. 'पॅकिंग एकदम मस्त.'"

"खोकं मोजणार हाय का तो?"

"पाच तारे. 'मिस्टरांना वाढदिवसाला दिला, खूश झाले.'"

"मिस्टर काय काम करतेत?"

"ते न्हाई लिहिलं."

"मग पुढचं वाच."

"एक तारा. 'टोकाचा आकडा ढिला आहे, हलतो. माल खराब. घेऊ नका.'"

मला हसू आलं. टेपच्या टोकाचा तो वाकडा आकडा हललाच पाहिजे. जेवढी त्याची जाडी तेवढाच हलला पाहिजे. बाहेरून अडकवला तर पुढं सरकतो, आतून टेकवला तर मागं सरकतो, म्हणून माप दोन्हीकडून सारखं येतं. पण त्या बिचाऱ्यावर मी नाराज नाही. एवढ्या सगळ्यांत टेप हातात धरून नीट बघितला तो त्या एकट्यानंच. त्याच्या शिव्या ऐकूनच मला कळलं की टोक कसं पाहिजे तसं आहे.

मग तिनं व्हिडिओ लावला. एक पोरगा हिंदीत बोलत होता. पांढरं टेबल, भुशाचा कण नाही, नखं धुतलेली. त्यानं टेप टेबलाला लावला, आकडा दाखवला आणि म्हणाला, एकदम परफेक्ट.

"कशाला ताडून परफेक्ट?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"दुसरा टेप लावला का त्यानं? टेबल खरंच किती हाय ते त्याला काय म्हाईत?"

"बाबा, तुमाला घ्यायचा हाय का भांडायचं हाय?"

खाली एकानं लिहिलं होतं की उन्हात ठेवला तर आकडे फिके होतात, सावलीत वापरावा. हा माणूस मला पटला. ज्यानं वापरून खोट सांगितली आणि तरी ठेवून घेतला, त्याचं ऐकावं. मी म्हणालो, मागव.

टेप आला तेव्हा मी पेटी घेऊन एसटीनं पुसेगावला गेलो. अंगणभर शिजलेली हळद वाळत घातलेली. जावयानं एका कोपऱ्यात फळ्या ठेवायला जागा करून दिली. मी आधी टेपची परीक्षा घेतली. भिंतीच्या कडेला जुना टेप पसरला, त्याला चिकटून नवा. जुना लेकीनं वाचला, नवा मी. एक फूट, तीन फूट, सहा फूट. दोन्ही टेप एकच बोलले. पुऱ्या इंचांवर तपासलं, मधल्या सुतांवर तपासलं नाही. माझी गफलत तिथंच झाली, पण ते मागून कळलं.

लेकीनं चौकटीच्या आत टोक धरलं. मी दुसऱ्या बाजूला. आकडा उमटला, चांगला बोराएवढा. चष्म्याशिवाय दिसला. मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. एक्केचाळीस, मग टिंब, मग पाच.

टिंब म्हणजे इंच संपला, पुढं सूत. असंच कुणालाही वाटेल, ज्याचा जन्म सूत मोजण्यात गेला त्याला. एक्केचाळीस इंच, पाच सूत. वर लावला, मध्ये लावला, खाली लावला, तिन्हीकडं तेच. टिंबापुढं आठ-नऊ आले असते तर डोकं चाललं असतं, कारण आठ सुताला पुरा इंच होतो. पण नेमका पाच आला.

आणि मला बायकोचं माप आठवलं. चार सूत, उपाशी. म्हणजे ती एका सुताच्या वर चुकली होती. चौकट पसरली म्हणावं तर गुण्या लावून बघितला, कोपरे काटकोनात. मग चूक तिचीच.

दुसऱ्या दिवसापासून मी फळ्या जोडायला घेतल्या आणि रंधा मारता मारता तिच्याशी मनात भांडत होतो. इतकी वर्षं तू वाचलेल्या मापावर मी डोळे झाकून करवत चालवली. किती जागी कमी-जास्त झालं असेल? लोकांनी मला सांगितलं नसेल. राग आला होता, आणि राग आला म्हणून जीव हलका पण वाटत होता. ती गेल्यापासून तिच्यावर रागवायला काही सापडलं नव्हतं. हळदीची पूड उडून लाकडावर बसायची, छिलके पिवळे निघायचे.

दोन्ही बाजूंना एकेक सूत मोकळं सोडायचं, असा हिसाब धरून कवाड कापलं. बिजागऱ्या मारल्या. जावयानं आणि मी उचलून चढवलं. ढकललं तर लागेना. बिजागरीच्या बाजूला सूतभर जागा होती, कुलपाच्या बाजूला घासून अडलं. जोर केला तर चौकट कुरकुरली.

जावई बाजूला झाला, कमरेवर हात ठेवून बघितलं आणि म्हणाला, "मामा, कवाड जेवून आलंय."

त्या घरात सगळ्यांना ते शब्द माहीत. दुसऱ्या वेळी मीही हसलो असतो. तेव्हा हसू आलं नाही. मी म्हणालो, "तुमी हिंगोलीला जा. आणा तयार."

"तसं न्हाई म्हणलं मी."

"आणा."

लेकीनं डिजिटल टेप उचलला, नवऱ्याला कवाड उघडून धरायला लावलं, एका बाजूला टोक त्याच्या पायानं दाबून ठेवलं आणि स्वतः वाकून वाचलं.

"साडेएक्केचाळीस," ती म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"साडेएक्केचाळीस."

"पाच सूत हाय ते."

"पाच सूत कुठलं बाबा? पॉइंट पाच. म्हणजे अर्धा."

"अर्ध्या इंचाला चार सूत असतेत."

"व्हय. चारच."

"मग पाच काहून लिहिलं?"

लेकीनं टेपवरचा पाच परत बघितला. दहावीपर्यंत शिकलेली आहे, पण असा प्रश्न तिला मास्तरनं विचारला नसणार. मग म्हणाली, "त्याच्या इंचाला दहा सूत हाईत, बाबा."

मी उंबऱ्यावर बसलो. साडेएक्केचाळीस. चार सूत. दोन पावसाळे गेले, गिलावा झाला, आणि चौकट तिनं सांगितल्या जागेवरून हललेली नव्हती. टेप खरा होता. ती पण खरी होती. मधे बसून दोघांचं भांडण लावणारा मी.

"जाऊ का मग हिंगोलीला?" जावयानं विचारलं. तोंडावर हसू होतं.

"बसा गपचूप," मी म्हणालो. "कवाड उतरवा आधी."

सूतभर जास्त राहिलं असेल तर रंधा आहे. सूतभर कमी कापलं असतं तर मात्र खरंच हिंगोली होती. कवाड आडवं टाकलं आणि कडेनं रंधा धरला. लांबच लांब छिलके निघाले. पुन्हा चढवलं. एका बोटानं ढकललं तर गेलं आणि चौकटीला टेकून थांबलं. जावयानं उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं, आत जाऊन लावलं, बाहेर येऊन लावलं.

लेक म्हणाली, "मोडताल."

पत्रा त्यानं उचलून गोठ्यावर टाकला.

चहा झाल्यावर लेकीनं टेपचं एक बटण धरून दाबलं, तर टिंब गेलं आणि अपूर्णांक आले. एकाखाली दोन म्हणजे चार सूत, एकाखाली आठ म्हणजे एक सूत. हे आपलं माप. हे बटण आहे असं त्या व्हिडिओतल्या पोरानं सांगितलं नव्हतं, पॅकिंग मस्त म्हणणाऱ्यानं सांगितलं नव्हतं, कुणीच नाही. मी म्हणालो, आता मी सांगतो, तू लिही.

तिनं लिहिलं ते असं: "मी सुतार आहे. नजर कमी आहे, आकडे दिसतात. टिंबापुढचा पाच म्हणजे पाच सूत नव्हे, चार. बटण धरून दाबा म्हणजे सुताचा हिसाब येतो. टोक हलतं ते हलू द्या. जुना टेप फेकू नका, ताडायला लागतो. पुऱ्या इंचावर ताडू नका, मधे ताडा."

"तारे किती देऊ?"

"चार."

"एक काहून कापला?"

"पाच दिले तर लोकांला वाटंल खोकं आवडलं."

काही दिवसांनी खाली कुणीतरी विचारलं होतं, माझ्या वडिलांची नजर अधू आहे, ते एकटेच काम करतात, त्यांना चालेल का? मी लेकीला उत्तर टाकायला लावलं. चालेल. पण दुसरं टोक धरायला तुम्ही जात जा.

आतल्या खोलीचं कवाड अजून बाकी आहे, म्हणून मी पुसेगावातच आहे. शेजारच्याला खिडक्या करायच्यात, तोही येऊन बघून गेला. नजर नाही असं यावेळी मी म्हणालो नाही.

आज सकाळी आतली चौकट मोजली. मी टोक धरलं, लेकीनं वाचलं. "तेहतीस, अन् सहा सूत." मग टेप हलवून बघत राहिली. "बाबा, रेघेच्या अलीकडं हाय का पलीकडं, ते हे डबडं सांगत न्हाई."

"पट्टीवर रेघा हाईत की. तू बघून सांग."

ती गुडघ्यावर बसली, डोळा पट्टीला लावला आणि बराच वेळ बघितलं.

"जेवलेलं," ती म्हणाली.

मी पेन्सिल टेकवली.