कडक इस्त्रीची पँट

अमरावतीत कपड्याला घडी पडावी तर इनायतुल्लांच्या हातची. त्यांची लॉन्ड्री माझ्या सायकलच्या दुकानासमोर. वकिलांचे पांढरे शर्ट, पोलिसांची खाकी, लग्नातले कुर्ते, सगळ्यांना असा स्टार्च की कपडा एकटा उभा राहील. मी त्यांना चिडवायचो, तुम्ही माणसाला इस्त्री केली तर तोही सरळ चालेल. ते हसायचे नाहीत. कामाची थट्टा त्यांना खपत नसे. चुरगळलेल्या कपड्यात घराबाहेर पडणं म्हणजे त्यांच्या लेखी बेअब्रू.

त्यांची एकुलती एक मुलगी महेजबीन. कॉलेजात चढाईच्या सरावाची भिंत आहे, तिच्यावर ही पालीसारखी सरसर चढायची, आणि सुट्टीत चिखलदऱ्याच्या कड्यांवर. जिथं उन्हाळ्यात चपलेखालचं डांबर वितळतं त्या गावच्या पोरीला बर्फाचा कसला सोस, असं मला वाटायचं. पण शेवटच्या वर्षातल्या एकाच मुलीला कॉलेज हिमालयातल्या शिबिराला पाठवतं, आणि ती निवड हिची झाली. तिथं वरची श्रेणी मिळाली तर पुढच्या मोहिमेत जागा मिळणार होती. नाही मिळाली तर कॉलेज संपलं आणि डोंगरही संपले. पोरगी हरखून गेली होती, बाप तिच्याहून जास्त.

प्रश्न आला पँटचा. शिबिरात आधी खडकावर चढायचं, मग बर्फावर, आणि शेवटी स्कीइंग शिकायचं. तीन कामांना तीन पँटी घेणं झेपणारं नव्हतं आणि पाठीवर वाहून नेणंही. एकीवरच निभवायचं होतं. तिची आई अनीसाभाभी म्हणाल्या, चांगली जाड सुती घ्या. कापसाच्या मुलखात आणखी काय सुचणार! महेजबीननं आईला समजावलं की सुती कापड वर भिजलं तर वाळत नाही, अंगाला चिकटून उलट ऊब खेचून घेतं. तिनं ऑनलाइन दोन पँटी मागवल्या, एक परत करायची म्हणून.

पहिली रेनकोटाच्या कापडाची. पाणी आत येणार नाही, पण घामही बाहेर जाणार नाही, आणि गुडघा वाकवला की कुरकुर वाजायची. दुसरी सॉफ्ट शेलची. मऊ, ताणू तशी ताणली जाणारी, आतून बारीक लव, बाहेरून वारा अडवणारी. ती घालून महेजबीन उकिडवी बसली, माझ्या दुकानाच्या उंच ओट्यावर एका टांगेत चढली, खाली उडी मारली. मग वडिलांना म्हणाली, तुमची बाटली आणा. इस्त्रीआधी कपड्यावर पाणी मारायची ती फवाऱ्याची बाटली. इनायतुल्लांनी मांडीवर फवारा मारला. पाण्याचे मणी झाले आणि घरंगळून खाली पडले. कापड कोरडं ठणठणीत. ते पुन्हा पुन्हा फवारा मारत राहिले आणि मला बोलावून दाखवू लागले. त्यांना इतकं खूश झालेलं मी त्या दुकानात कधी पाहिलं नव्हतं.

निघायच्या दिवशी महेजबीन कॉलेजात शिबिराचं पत्र आणायला गेली होती. मी समोर पाहतो तर ती पँट ओली होऊन तारेवर लटकलेली. बॅगेत कोंबून तिला सुरकुत्या पडल्या होत्या, आणि ते इनायतुल्लांना बघवलं नव्हतं. धुतली, स्टार्च दिला, ऊन तर आमच्याकडे फुकटच. मी जाऊन आतलं लेबल दाखवलं, त्यावर इस्त्रीच्या चित्रावर फुली होती.

"लेबल पाह्यते तो, ज्याले कपडा हाताले समजत नाही," ते म्हणाले. "देशभराच्या लोकात चालली माही पोरगी. अशी चुरगळलेली पाठवू काय तिले?"

मग त्यांनी वजनदार इस्त्री चांगली तापवली आणि सुरीच्या धारेसारखी घडी पाडली. महेजबीन परत आली, पँटकडे पाहिलं, बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि ती पँट बॅगेत ठेवली.

ती ठरल्यापेक्षा आधीच परत आली. विचारेल त्याला सांगे, वरची हवा मानवली नाही. खरं काय ते तिनं मला सांगितलं, मी तिच्या सायकलचं पंक्चर काढत असताना. खडकावरचे दिवस मजेत गेले. बर्फात पहिल्याच दुपारी पँटनं पाणी प्यायला सुरुवात केली; स्टार्च आणि कडक इस्त्रीनं कापडाचा पाणी झटकायचा गुणच गेला होता. आधी घडीवर, मग सगळीकडे. संध्याकाळी ती मांड्यांवर पत्र्यासारखी गोठली. तंबूत वाळेना. दुसऱ्या दिवशी तीच ओली घालून ती वरच्या मुक्कामापर्यंत गेली. तिथं आधी हुडहुडी भरली, मग हुडहुडी थांबली आणि जीभ अडखळायला लागली. बाकीच्यांनी तिला उचलून खाली आणलं. स्कीइंग तिनं पाहिलंसुद्धा नाही. शिबिर अपूर्ण, असा शेरा मिळाला.

"काका, अब्बाले सांगू नोका," ती म्हणाली.

मला संताप आला. पण रागावू तरी कोणावर? ज्यानं लेकीच्या मायेनं इस्त्री फिरवली त्याच्यावर? मी चाकात हवा भरली.

त्यानंतर महेजबीन दुकानात बसू लागली, कपडे मोजून घेऊ लागली. कॉलेजच्या भिंतीकडे फिरकली नाही. इनायतुल्लांना त्या शेऱ्याचं ठाऊक नव्हतं, त्यांना मात्र आशा होती. हवा काय, पुढच्या खेपेला मानवेल, असं ते मला सांगत. परवा त्यांनी स्वतःच ट्रंकेतून ती पँट काढली, पुढच्या खेपेसाठी नीट करून ठेवावी म्हणून. मी चहाचे कप घेऊन तिथंच उभा होतो. त्यांनी सवयीनं बाटलीचा फवारा मारला.

एकही मणी झाला नाही. पाणी पसरलं, कापड काळं पडलं. त्यांनी दुसऱ्या पायावर मारलं. तेही काळं पडलं. त्यांनी त्या ओल्या डागावरून बोट फिरवलं.

"बेटा," ते लेकीला म्हणाले, "हे म्या केलं काय?"

"नाही अब्बा. थंडीच लय होती."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. आयुष्यभर कापड हाताळलेल्या माणसाला ते पटणार कसं? त्यांनी इस्त्रीचं बटण बंद केलं. पँटच्या दोन्ही पायांवर त्यांनी पाडलेली घडी अजून तशीच ताठ होती. ते ती अंगठ्यानं मोडायला लागले. ओली करून, चोळून, ताणून पाहिली.

ती घडी काही मोडली नाही.